मवास मुलूख : खांडबाऱ्याचा रस्ता आणि सातपुड्याचे पठार

सुरतेहून भुसावळकडे जाणाऱ्या गाडीत आपल्यापैकी अनेकजण बसले असतील. कुणी नोकरीसाठी, कुणी लग्नाच्या कापडासाठी, कुणी लूमच्या कामासाठी. नवापूरचे स्टेशन येते. त्या स्टेशनाचा अर्धा भाग गुजरातेत आणि अर्धा महाराष्ट्रात, म्हणून प्रवासी गमतीने खिडकीतून पाहतात. पुढे चिंचपाडा, आणि मग खांडबारा. गाडी थांबते न थांबते तोच सुटते. नंदुरबार येईपर्यंत एक डुलकी घ्यावी, असे वाटायला लावणारा हा पट्टा. भातखाचरे, महूची झाडे, मध्येच भिंतीसारखी उभी काळ्या दगडाची रांग, आणि डोक्यावर ओझे घेऊन रुळाच्या कडेने चालणाऱ्या बाया.

तापी खोऱ्यातील ही रेल्वे १९०० सालाच्या आसपास पुरी झाली. पण वाट त्याहून फार जुनी आहे. गुजरातच्या बंदरांना दख्खनशी जोडणारा व्यापारी मार्ग याच मुलखातून जात होता. या मार्गाची हकीकत सांगणारे दोन प्रवासी आपल्याला ठाऊक असायला हवेत.

पहिला इब्न बतूता. मोरोक्कोतील तँजियरचा हा फकीह मुहंमद बिन तुघलकाचा वकील म्हणून १३४२ साली दिल्लीहून चीनकडे निघाला. दौलताबाद पाहून तो नंदुरबारला आला. त्याच्या लेखणीतून ते 'नज़रबार' होऊन उतरले. इथली माणसे मराठे आहेत, कारागिरीत तरबेज आहेत, वैद्यकी आणि ज्योतिष जाणतात, तांदूळ, भाजी आणि तिळाचे तेल हा त्यांचा आहार आहे, असे त्याने नोंदवले. तिथून तो 'सागर' नावाच्या शहराला गेला. अभ्यासक ते आजचे सोनगड असावे असे मानतात. सोनगडहून पुढे खंबायत. नंदुरबार आणि सोनगड यांच्या मधोमध आज खांडबारा व नवापूर आहेत. इब्न बतूता खांडबाऱ्यात मुक्कामाला होता, असा दावा कुणी करू नये, तसा पुरावा नाही. पण त्याचा काफिला याच टापूतून गेला असणार, एवढे नकाशा पाहिला तरी कळते.

दुसरा प्रवासी फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये. सतराव्या शतकाच्या मध्यात तो सुरत-बऱ्हाणपूर रस्त्याने गेला. नवापुराविषयी तो सांगतो, की गाव विणकरांनी भरलेले आहे, पण खरा व्यापार तांदळाचा आहे. इथला तांदूळ बारीक, शिजल्यावर बर्फासारखा पांढरा आणि कस्तुरीसारखा वास असलेला, आणि हिंदुस्थानातील उमराव दुसरा तांदूळ खात नाहीत. सुगंधी भात आणि तूर यांसाठी नवापूर आजही ओळखले जाते, तेव्हा जवाहिऱ्याची पारख खोटी नव्हती.

याच ताव्हेर्नियेने आणखी एक गोष्ट लिहून ठेवली आहे. नवापूरच्या अलीकडे एक मोठी सराई होती. शहाजहानची मुलगी बेगमसाहिब म्हणजे जहाँआरा हिने ती खैरात म्हणून बांधून दिली होती. ती का बांधावी लागली? मधली मजल फार लांब होती, जंगल दाट होते, आणि शेजारचे राजे मोगल बादशहाला नेहमी मानतच असे नाही. त्यामुळे काफिले लुटले जात.

या एका नोंदीत या मुलखाचा सगळा इतिहास दडलेला आहे. एक रस्ता आहे, त्यावर तांदूळ, कापड, नीळ, मीठ, जवाहीर आणि बादशाही खलिते चालले आहेत. आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना डोंगर आहेत, तिथे कुणाचाही खलिता चालत नाही. इतिहास लिहिणारे सगळे रस्त्यावरून गेले. डोंगरावर राहणाऱ्यांनी काही लिहिले नाही. म्हणून आपल्यापर्यंत जो इतिहास आला तो रस्त्याचा आला, डोंगराचा नाही.

दिल्लीच्या सुलतानी काळातील फारसी तवारिखांत अशा मुलखासाठी एक शब्द येतो : 'मवास'. जिथे सारा वसूल होत नाही, जिथे फौज सहज पोचत नाही, जिथे बंडखोर आसरा घेतात तो मवास. पुढे गुजरात-खानदेशाच्या सीमेवर 'मेवास', 'मेहवास' हे शब्द रूढ झाले. अनेक अभ्यासक त्यांचा संबंध या जुन्या शब्दाशी जोडतात. इंग्रज आले तेव्हा काठी, चिखली, सिंगपूर, नाला, नवलपूर ही सातपुड्यातील भिल्ल सरदारांची छोटी संस्थाने त्यांनी 'मेहवासी इस्टेटी' म्हणून कागदावर घेतली. राज्ये बदलली, पण वर राहणाऱ्यांचे नाव ठेवण्याचा हक्क खालच्यांकडेच राहिला. आपण आज हा मवास मुलूख वर चढून पाहू.

खांडबाऱ्याहून नंदुरबारकडे निघाले, की जमीन हळूहळू कोरडी होत जाते. नवापूर तालुक्यात पाऊस चांगला. नंदुरबार आणि शहादा सपाटीवर तो बराच कमी. प्रकाशाजवळ तापी ओलांडली, की समोर उत्तरेला सातपुडा भिंतीसारखा उभा राहतो. तापी आणि नर्मदा या दोन पश्चिमवाहिनी नद्यांच्या मधला हा पर्वत. लाव्हाच्या थरांवर थर बसून तो घडला. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची ती घटना. जमिनीच्या भेगांत शिरलेला लाव्हा तिथेच थिजला, आणि भोवतालचा दगड झिजून गेल्यावर तो भिंतीसारखा उघडा पडला. भूशास्त्रज्ञ त्यांना डाइक म्हणतात. नंदुरबार-धुळे भागात अशा भिंती इतक्या आहेत, की जगातील अभ्यासक त्या पाहायला येतात. गाडीच्या खिडकीतून दिसलेली काळी रांग तीच.

शहाद्याहून तोरणमाळला जाणारा रस्ता घाटाने चढतो. वर पोचल्यावर अचानक सपाटी लागते. मधोमध यशवंत तलाव, कडेला गोरखनाथाचे देऊळ. महाशिवरात्रीला इथे मोठी यात्रा भरते. जुन्या तटाचे दगड अजून दिसतात, म्हणजे कधीकाळी इथे गड होता. पठाराची उंची सुमारे ११५० मीटर. पश्चिमेला धडगाव, मोलगी, डाब या बाजूलाही अशाच उंच सपाट्या आहेत, दऱ्यांनी तुकडे पाडलेल्या. अस्तंभ्याचे शिखर तर १३०० मीटरच्या वर जाते. आपल्यातील पुष्कळ घरांची मुले अक्कलकुव्याच्या जामियात शिकून आली आहेत. मौलाना गुलाम मुहंमद वस्तानवी यांनी १९७९ साली स्थापलेली ती संस्था बरोबर या पर्वताच्या पायथ्याशी आहे. तिथून देवगोईचा घाट चढला, की मोलगी. पण मुलांना भेटायला जाणारे आईबाप पायथ्यावरूनच परततात.

वरची हवा वेगळी. साधारण हजार मीटर चढले, की तापमान सहा ते साडेसहा अंशांनी उतरते. नंदुरबारच्या सपाटीपासून तोरणमाळपर्यंत चढ सुमारे नऊशे मीटरचा आहे. म्हणून मे महिन्यात खाली अंगाची लाही होत असताना वर रात्री पांघरूण लागते. हिवाळ्यात आकाश निरभ्र असते, हवा कोरडी असते, आणि दिवसभरची उष्णता रात्री झपाट्याने उडून जाते. थंड हवा जड असल्याने ती उतारावरून घरंगळत खोलगट भागात साचते. म्हणूनच डाब आणि वालंबा या गावांकडे काही हिवाळ्यांत गवतावरचे, छपरावरचे दव गोठून पांढरे होते. वर्तमानपत्रांत त्याचे फोटो येतात, 'सातपुड्यात काश्मीर' असे मथळे पडतात. ज्याच्या घराच्या भिंती कुडाच्या आहेत आणि अंगावर एकच घोंगडी आहे, त्याला त्या रात्रीत काश्मीर दिसत नाही. तो शेकोटी विझू नये म्हणून जागा असतो. याच थंडीचा फायदा घेऊन डाब भागातील काही शेतकऱ्यांनी अलीकडे स्ट्रॉबेरी लावली, हेही सांगायला हवे.

पाण्याची गोष्ट आणखी विचित्र. या डोंगरात पाऊस सपाटीपेक्षा जास्त पडतो. तरी मार्च-एप्रिलमध्ये बाया हंडा घेऊन दरीतल्या झिऱ्यापर्यंत उतरतात. कारण मातीचा थर पातळ आहे, खाली कातळ आहे, आणि उतार तीव्र आहे. पाणी मुरत नाही, पळते. दक्षिणेकडचे गोमाईवाटे तापीला, उत्तरेकडचे उदई, देवनदीवाटे नर्मदेला. पूर्वी जंगल हे पाणी धरून ठेवत असे. जंगल गेले तसा झिरा लवकर आटू लागला.

अशा जमिनीत एकच पीक येते, तेही पावसावर. मका, ज्वारी, तूर, उडीद, आणि भगर, नागलीसारखी बारीक धान्ये. ही धान्ये उतारावरच्या हलक्या मातीत तग धरतात आणि कणगीत वर्षानुवर्षे टिकतात. शहरात आपला शेजारी भगर उपवासाला खातो, पठारावर ती रोजच्या भुकेची आहे. उरलेले वर्ष जंगल सांभाळते. चैत्रात पहाटे महूची फुले झडतात, घरातील सगळे टोपली घेऊन झाडाखाली जातात. पुढे कैऱ्या कापून खडकावर वाळवायच्या, त्याचे आमचूर. मग चारोळी, महूच्या बियांचे तेल, डिंक. धडगाव-मोलगीचे आमचूर मोठमोठ्या शहरांच्या मसाल्यांत जाते, पण त्याचे नाव डब्यावर क्वचितच असते.

वस्ती एकवट नाही. पाडे विखुरलेले, प्रत्येक घर आपापल्या शेतात. भिल्ल, पावरा, वसावे, नाईक ही माणसे. खाली खांडबारा-नवापूरकडे मावची, गावित, कोकणी. घर बांधायचे, नांगरट, निंदणी करायची तर 'लाह' बोलावतात. सगळा पाडा येऊन काम करतो. मजुरी नाही, त्या दिवशीचे जेवण यजमानाकडे, आणि उद्या तुमच्याकडे काम निघाले की मी येणार. ज्यांच्याकडे रोख पैसा नाही त्यांनी उभी केलेली ही पतपेढीच आहे. डाब हे गाव याहा मोगी या देवीच्या कथांत फार मोठे आहे. आदिवासींच्या मौखिक परंपरेत ते मूळस्थान आहे. म्हणजे खालच्यांच्या नकाशावर जी शेवटची कड, ती वरच्यांच्या नकाशावर जगाची सुरुवात.

मग खाली-वर यांचा संबंध येत कुठे होता? बाजारात. डोंगरात सगळे पिकत होते, मीठ पिकत नव्हते. मीठ, कापड, लोखंडाचा फाळ आणि बांगड्या या चार वस्तूंसाठी खाली उतरावे लागे. होळीआधी भोंगऱ्या बाजार भरतो. ढोल, पावा, नवे कपडे, पोरीबाळींच्या बांगड्या. काठीची राजवाडी होळी तर पहाटे पेटते आणि दूरदूरची माणसे रात्रभर नाचत असतात. या बाजारांत पाल टाकून बसणाऱ्यांत आपले लोक पिढ्यान्‌पिढ्या आहेत. मणियार बांगड्या भरतो, पिंजारी गाद्या करून देतो, आतार, तांबोळी, बागवान आपापली दुकाने मांडतो. हे लोक भिल्ली बोलतात, पावरी समजतात, गिऱ्हाइकाच्या आजाचे नाव त्यांना पाठ असते. इतिहासाच्या पुस्तकात त्यांना जागा नाही, कारण ते ना सुलतान होते ना संत. पण खालच्या जगाची माणुसकीची बाजू वर पोचली असेल तर ती यांच्या पाठीवरच्या गठ्ठ्यातून पोचली. आणि खोटे माप, चढे व्याज हेही खालूनच वर गेले. त्यात सगळ्याच जातीधर्मांचे सावकार होते. हिशेब मांडायचा तर दोन्ही बाजूंनी मांडला पाहिजे.

सातपुड्याच्या पूर्व भागात, यावल, रावेर, चोपडा तालुक्यांच्या पायथ्याला, तडवी भिल्ल राहतात. ते मुसलमान आहेत आणि आदिवासीही आहेत. अनुसूचित जमातीत त्यांची गणना होते. पश्चिमेला अक्कलकुवा-अक्राणीकडेही तडवी आडनाव भेटते, पण तिथले तडवी मुसलमान नाहीत. एकाच पर्वताच्या दोन टोकांना एकच नाव आणि दोन श्रद्धा. मुसलमान म्हणजे बाहेरून आलेला आणि आदिवासी म्हणजे डोंगरात कोंडलेला, या दोन्ही कल्पना तडव्यांच्या अंगणात येऊन अडखळतात.

१८१८ साली खानदेश इंग्रजांकडे गेला. डोंगरातील भिल्लांना बळाने आवरता येत नाही हे पाहून १८२५ साली आउट्रमने भिल्लांचीच पलटण उभारली, भिल्ल कोअर. तरी डोंगर शांत झाला नाही. १८५७च्या उठावात खाज्या नाईक आणि भीमा नाईक यांनी सातपुडा पेटवला. ११ एप्रिल १८५८ रोजी आंबापाणीची लढाई झाली. त्यानंतर इंग्रजांनी बंदुकीपेक्षा भारी हत्यार काढले, ते म्हणजे कायदा. १८७८च्या वनकायद्याने जंगल सरकारी झाले. जो काल आपल्या रानात महू वेचत होता तो आज सरकारी हद्दीत चोर ठरला. फारसी तवारीखकारांनी त्याला 'मवास' म्हटले होते. पण ते नुसते नाव होते, त्याने जमीन गेली नव्हती. नव्या कायद्याने नाव दिले 'अतिक्रमणदार', आणि त्याबरोबर जमीनही घेतली.

विसाव्या शतकात डोंगराने स्वतःच्या तोंडाने बोलायला सुरुवात केली. तळोद्याजवळ मोरवड येथे गुलाम महाराज या आदिवासी सुधारकाने 'आप धर्म' सांगितला. दारू सोडा, स्वच्छ राहा, एकमेकांना 'आप' म्हणा. म्हणजे ज्याला सगळे अरेतुरे करतात त्याने आधी आपसांत अदब पाळावी. १९३८ साली ते वारले तेव्हा हजारो माणसे त्यांच्या मागे होती. त्यांचे नाव वाचून आपल्यापैकी कुणी त्यांना मुसलमान समजेल. ते मुसलमान नव्हते. या मातीत नावे कशी एकमेकांत मिसळली होती त्याची ती खूण. पुढे अंबरसिंग महाराज उभे राहिले, आणि १९७२ साली शहाद्याला श्रमिक संघटना झाली. सावकाराने गिळलेल्या जमिनी परत मागण्याचा तो लढा होता.

मग धरणे आली. दक्षिणेला तापीवर उकाई, तिचे पाणी नवापूर-नंदुरबारच्या बाजूला चढले. उत्तरेला नर्मदेवर सरदार सरोवर. मणिबेलीपासून वर, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे त्याच्या बुडितात आली. २०१७ साली धरणाचे दरवाजे बंद झाले आणि २०१९ साली पाणी प्रथमच पूर्ण पातळीला पोचले. अनेक कुटुंबे तळोदे-शहाद्याच्या सपाटीवर वसवली गेली. ज्यांना बादशहाची फौज खाली आणू शकली नाही त्यांना पाण्याने खाली आणले.

२००६ साली वनहक्क कायदा झाला. जंगलातील जमिनीवर आणि वनोपजावर आदिवासींचा हक्क आहे, आणि त्यांच्यावर ऐतिहासिक अन्याय झाला, असे त्या कायद्याच्या प्रास्ताविकातच मान्य केले आहे. नंदुरबार जिल्ह्यात हजारो दावे झाले, अनेकांना पट्टे मिळाले, अनेकजण अजून कागद घेऊन फिरत आहेत. १९९८ साली हा जिल्हा धुळ्यातून वेगळा झाला. २०११च्या जनगणनेप्रमाणे इथली ६९ टक्के लोकसंख्या आदिवासी आहे. तरी पठारावरच्या काही पाड्यांतून आजारी माणसाला बांबूला झोळी बांधून खांद्यावर रस्त्यापर्यंत आणावे लागते.

आता पुन्हा खांडबाऱ्याला उतरू. दिवाळी सरली, कणगीत जेमतेम धान्य उरले, की डोंगर खाली उतरू लागतो. नवरा, बायको, कडेवरचे मूल, एक पत्र्याची पेटी, हातात कोयता. कुणी ट्रकने, कुणी जीपने, कुणी रेल्वेने बारडोली, सुरतेकडे ऊसतोडीला. होळीला परत. मुलांची शाळा मधल्या मध्ये बुडते. हा तोच रस्ता आहे, ज्यावरून इब्न बतूता गेला, ज्यावर जहाँआराने सराई बांधली. तेव्हा रस्त्यावरच्यांना डोंगरातल्यांपासून जपायचे होते, म्हणून सराई बांधली गेली. आज डोंगरातला माणूस त्याच रस्त्यावर उघड्यावर झोपतो आणि त्याच्यासाठी सराई नाही.

आपण मराठी मुसलमान इतिहासाविषयी एक तक्रार नेहमी करतो. आमच्याविषयी लिहिले गेले, आम्हाला विचारून लिहिले गेले नाही. दुसऱ्यांनी दिलेल्या नावाने आम्हाला ओळखले जाते. ही तक्रार खरी आहे. पण ज्या तवारिखांचा आपण अभिमानाने दाखला देतो, त्यांतही असेच एक नाव लिहिलेले आहे, आणि ते आपल्या शेजाऱ्याचे आहे. 'मवास' हा शब्द त्या माणसाविषयी काही सांगत नाही. तो एवढेच सांगतो, की लिहिणारा वर चढला नव्हता.

पुढच्या वेळी गाडी खांडबाऱ्याला थांबेल तेव्हा डुलकी लागण्याआधी फलाटावर पाहावे. कोयता घेतलेला कुणी डब्यात चढला तर थोडे सरकून जागा द्यावी, आणि त्याचे गाव विचारावे. तो डाब म्हणेल, वालंबा म्हणेल, मोलगी म्हणेल. तिथली थंडी, तिथला झिरा, तिथली भगर यांविषयी त्याला जे ठाऊक आहे ते एकाही तवारिखेत नाही. सुरत येईपर्यंत वेळ भरपूर असतो.